ढोमण्यांच्या दुकानाची धूळ

मी धूळ विकत घेते.
हसू नका.
इतवारीत, सराफा ओळीच्या मागच्या बोळीत
तेवीस वर्षांपासून हाच माहा धंदा हाये.
सासूचा होता, तिच्या सासूचाही.
पोळ्याच्या आधी, दिवाळीच्या आधी
दुकानं झाडायची, पोत्यात भरायचं,
अंदाजानं पैसे मोजायचे
अन् घरी परात घेऊन धुवत बसायचं.
पाणी काळं, मग राखाडी,
मग, असलं नशिबात तर, तळाशी जराशी चमक.

धुळीवरून मले माणसं कळतात.
कोण कानस रागानं चालवते,
कोणाच्या पोट्ट्यानं नुकतंच काम हाती घेतलं,
कोण मजुरी घेऊन वरून चांदीही मारते.
त्याची धूळ मात्र झाडूनपुसून घेतलेली,
भाव करतानाच कळते.

ढोमण्यांची धूळ गरीब होती ती वेगळ्या कारणानं.
काही सांडतच नव्हतं.
नवरा-बायको समोरासमोर, मधात एक ऐरण.
तो जंतरातून तार ओढे, ही पीळ देई.
तो चिमटा धरे, ही फुंकणी फुंके.
मे महिन्यातही डाग लावताना कूलर बंद,
ज्योत हलू नये म्हणून.
घाम नाकावरून टपटप, पण हात थांबत नाई.
बारशाचे वाळे, देवलापारच्या बायांचे जाड तोडे,
एकमेकांशी दिवसभरात बोलत असतील चार शब्द,
त्यातले तीन 'हं'.

एकदा भाच्यानं मोबाइलात फोटो दाखवला.
दूर कुठं वाळवंटात नवाहो म्हणून लोक हायेत,
तिथं असंच एक जोडपं, चांदीत निळा खडा बसवते.
पार्बताबाईनं चष्मा वर केला, म्हणे,
"ऐरण आपल्यापेक्षा बरी हाये त्यायची."
ढोमणे बाईच्या हाताकडेच पाहत राहिला.
"अंगठ्याले चटका बसला तिच्या," म्हणे. "ताजा हाये."
मी कोपऱ्यात झाडत होते.
मले विचारायचं होतं,
त्यायची धूळ कोण नेते?

औंदा पोळ्याच्या आधी पोतं उचललं
तर हाताले वजन लागलं.
परातीत अकरा रवे निघाले,
तांदळाएवढाले तारेचे तुकडे,
अन् एक अख्खं घुंगरू.
वाजत नव्हतं. आतला खडा बसायचा होता.
मी ते पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं.
ढोमण्याच्या हातून घुंगरू?
परत नेऊन दिलं असतं
तर त्याले कळलं असतं की मले कळलं.
डब्यात ठेवून दिलं.

मारबत निघाली त्या दिवशी
काळी पुढं, पिवळी मागं, गल्लीत पाय ठेवायले जागा नाई.
लोक ओरडत होते
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा, डास घेऊन जा गे मारबत!
पार्बताबाई ओट्यावर उभी होती, ओठ फक्त हलत होते.
मी बाजूलेच होते म्हणून ऐकू आलं:
"हाताचं कापणं घेऊन जा गे मारबत."

मग माही नजर तिच्या पायाकडं गेली.
लग्न होऊन आली तेव्हा बोटाबोटात चांदी होती तिच्या,
जोडवी, विरोद्या, मासोळ्या,
चालली की सगळ्या बोळीले कळे.
आता एकेक जोडवं, झिजलेलं,
बाकी बोटांवर पांढरे वळ.
गिऱ्हाइकाचं वजन संध्याकाळी बरोबर भरते म्हणतात ढोमण्यांकडं,
गुंजभर कमी नाई.
कशातून भरते ते मी विचारलं नाई.
मी कोण विचारणारी?
माह्या परातीत तर त्या कापण्यानंच चूल पेटली होती
दोन महिने.

दिवाळीच्या आधी गेले, धूळ झाडली,
दरसालापेक्षा सातशे जास्त ठेवले गल्ल्यावर.
ढोमण्यानं नोटा मोजल्या, हात पोटाशी धरून.
"काहून वं दुर्पता, यंदा इतके?"
"चांदी चढली ना, भाऊ."
खोटं नव्हतं ते.

पार्बताबाईनं मान वर केली नाई,
फुंकणी तोंडातून काढली नाई.
ज्योत तेवढी एकदम लांब झाली.